पुरलेला श्वास

१

उजाडलं की दिवा पेटवायचा, हे माझ्या नोकरीतलं पहिलं काम होतं.

खाणीतले लोक वापरतात तसला पितळी, जाळीचा दिवा. तो घेऊन मी डोंगराचा उतार उतरायचो आणि जिथं जिथं जमीन खोलगट असेल तिथं वाकून दिवा मातीलगत धरायचो. ज्योत ताठ राहिली की पुढच्या खळग्याकडं. ज्योत बारीक झाली, निळी पडली, तर चढाकडं पळायचं आणि ओरडत पळायचं, म्हणजे खालची माणसंही पळतील. तशी वेळ एकदाही आली नाही. खळग्यात दहिवर असायचं, गवे बसून गेले असतील तर गवत दबलेलं असायचं, आणि ज्योत ताठ असायची.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. जोयडा तालुक्यात नंदिगड्ड्याच्या वरच्या अंगाला मँगनीजची एक जुनी खाण होती. माणसं कधीच निघून गेली होती, तोंडावर झाडं माजली होती. तिथं एका कंपनीनं प्रयोग मांडला. कारखान्याच्या चिमणीतून जो वायू वर जातो तो चिमणीतच धरायचा, दाबून पाण्यासारखा पातळ करायचा, टँकरनं इथं आणायचा आणि खाणीच्या तळाखालच्या खडकात कायमचा पुरून टाकायचा.

"काळा धूर दिसतो म्हणून लोक ओरडतात, विठ्ठल," आमचे देसाई साहेब मला म्हणाले होते. "जो दिसत नाही तो जास्त वाईट. तो वर जाऊन बसतो आणि पृथ्वी तापवतो. नॉर्वेवाल्यांनी समुद्राच्या तळाखाली पुरायला सुरुवात केलीय. आपण डोंगरात पुरून बघू."

या वायूला वास नाही, रंग नाही. हवेपेक्षा जड असल्यामुळं सुटला तर पाण्यासारखा उतारानं खाली येतो आणि खळग्यात साठून बसतो. त्यात दिवा विझतो, आणि माणूसही. म्हणून माझी सकाळची फेरी.

टँकर आला की पंप चालवणं, गेजवरचा दाब बघणं, हे बाकीचं काम. खाणीची भुयारं जाड भिंती घालून बुजवली होती. आत काय चाललंय ते कळावं म्हणून एक लोखंडी नळी तेवढी भुयारातून डोंगर फोडून वर काढलेली होती. ती आमच्या क्वार्टरच्या मागं, परसाच्या कडेला, खांबाला बांधून उंच नेली होती. आतला दाब फार वाढला तर थोडा वायू वरून सुटावा म्हणून तिच्या तोंडाशी व्हॉल्व्ह होता.

खाणीवर आम्ही तिघंच. मी, माझी बायको यमुना, आणि राखणीला लाडू. लाडू तिथलाच कुणबी. त्याची वस्ती खाणीच्या बरोबर खाली, ओढ्याकाठच्या खोलगट जागेत होती. टँकरचा पाइप जोडताना तो दरवेळी विचारायचा, "अण्णा, आत घातलेलं आतच ऱ्हाता काय?"

"ऱ्हातंय," मी म्हणायचो. "त्याचाच तर पगार हाय आपल्याला."

२

मी ही नोकरी धरली ती यमुनासाठी.

आधी मी खानापूरला कौलांच्या कारखान्यात होतो. भट्टीचा धूर आमच्या दारातून जायचा आणि यमुनाला लहानपणापासून दमा. ती आडवी झोपायची नाही. भिंतीशी अंथरुणाची वळकटी ठेवायची आणि तिला टेकून बसल्या बसल्या डोळे मिटायची. तिची छाती वाजायची. आधी एक बारीक शिट्टी, मग अडकल्यासारखा एक गचका, मग खरवडल्यासारखा लांब उच्छ्वास. बाजारातल्या गर्दीत पाठमोरा असलो तरी ती कुठं उभी आहे ते मला त्या आवाजावरून कळायचं. जंगलातल्या हवेनं फरक पडेल असं डॉक्टर म्हणाले, म्हणून आलो.

गणेशगुडीच्या पुढचा सगळा चढ तिनं पदर तोंडाशी धरून काढला. पहिले दिवस तसेच गेले. मग एका दुपारी मी पंपावरून आलो, तर यमुना आतल्या खोलीत झोपलेली. आडवी. हात डोक्याखाली, वळकटी कोपऱ्यात. मी घाबरून जवळ गेलो. तिनं डोळे उघडले आणि हसली.

"काय झालं वो? जरा पडलोय."

छाती वाजत नव्हती.

त्यानंतर ती सुधारतच गेली. गोळ्या सुटल्या. लाडूच्या बायकोशी, सुंदरीशी तिची गट्टी जमली. रोज उतार उतरून ती वस्तीवर जायची आणि येताना लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन चढ चढायची. वर येऊन मोळी टाकायची आणि धापसुद्धा नसायची. चेहऱ्यावर तकाकी आली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण तिचा खरा आवाज कसला आहे ते मला तिथंच समजलं. रामनगरच्या बाजाराला गेलो तेव्हा मी तिला हिरवी साडी घेतली आणि दुकानातल्या माणसासमोरच माझे डोळे भरून आले.

एकच बारीक गोष्ट होती. चूल पेटवायला ती मला हाक मारायला लागली होती.

"तुमीच फुंका जरा. माझ्याकडनं पेटंना झालीय."

"ओली असतील लाकडं."

"असतील," ती म्हणायची आणि बाजूला सरकायची. मी फुंकणी घ्यायचो. एका फुंकरीत जाळ व्हायचा.

३

एकदा सकाळची फेरी करून मी वर येत होतो. धुकं अजून फणसाच्या शेंड्यात अडकलेलं होतं. क्वार्टरच्या मागून यमुनाची छाती वाजताना ऐकू आली.

बारीक शिट्टी. गचका. मग तो खरवडल्यासारखा उच्छ्वास.

दिवा तिथंच ठेवून मी धावत परसात गेलो. परसात कुणी नव्हतं. आवाज मात्र होता, आणि तो वरून येत होता. मी मान वर केली. नळीच्या तोंडातून तो येत होता.

"यमुना!"

ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, हाताला पीठ लागलेलं. "काय वो?"

"काही न्हाई. तू बरी हाईस न्हवं?"

"मला काय झालंय?" ती म्हणाली आणि आत गेली. ती माझ्याशी बोलत असताना नळी गप्प होती, हे मला नंतर आठवलं.

देसाई साहेब टँकरबरोबर आले तेव्हा मी त्यांना नळीजवळ नेऊन उभं केलं. नळी वाजतच होती. साहेबांनी कान दिला आणि त्यांना आनंदच झाला.

"सगळ्या खाणी श्वास घेतात, विठ्ठल. बाहेरच्या हवेचा दाब कमी-जास्त होतो तसं आतलं बाहेर येतं, बाहेरचं आत जातं. व्हॉल्व्हमध्ये पाणी साचलं असेल, त्याची शिट्टी वाजते."

हे मला पटलं. मी पंपावरचा माणूस आहे, नळीत पाणी आणि हवा एकत्र आली की कसले कसले आवाज येतात ते मला चांगलं माहीत होतं. मी शिडी लावली, व्हॉल्व्ह उघडून पुसला, वंगण घातलं. आत पाणी नव्हतं.

शिडीवरून उतरत होतो तेवढ्यात नळी खोकली. कोरडा, दाबून धरलेला खोकला. पाहुणे बसलेले असले की यमुना पदर तोंडात धरून खोकायची, अगदी तसा.

४

सुंदरी एकदा वाटेत मला थांबवून उभी राहिली. ती माझ्याशी सहसा बोलायची नाही. डोकीवरची घागर खाली ठेवून तिनं इकडंतिकडं पाहिलं.

"अण्णा, अक्का आमच्या घरा येता. येऊ दी. पूण चुलीकडे बसता तें नाका."

"का गं?"

"अक्का फुंकता आनी आग मरता."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. तिनं हातानं दाखवलं. निखारे लाल असतात. यमुना वाकून फुंकते. फुंकरीनं निखारा फुलायचा, तो तिच्या फुंकरीनं काळा पडतो. सुंदरीनं एवढं सांगितलं, घागर उचलली आणि चालू लागली.

मी घरी आलो. यमुना भाजी चिरत बसली होती. तिच्यासमोर बसून मी बिडी काढली, काडी ओढली.

"इझव की," मी हसत काडी तिच्यापुढं धरली, लहान पोरांशी खेळावं तशी.

ती माझ्याकडं बघत राहिली. फुंकर घातलीच नाही. तोंड थोडं पुढं आणलं, ओठ विलग केले आणि नुसता श्वास सोडला. ज्योत हलली नाही, वाकली नाही. जागच्या जागी लहान होत गेली, निळी झाली, आणि गेली.

"झालं समाधान?" ती म्हणाली आणि पुन्हा चिरायला लागली.

५

दुपारचं जेवण झालं की यमुना झोपायची. दार उघडं असायचं, उन्हाचा पट्टा उंबऱ्यापासून तिच्या पायापर्यंत यायचा. मी उशाशी बसून तिच्या छातीकडं बघायला लागलो होतो.

छाती हलत नव्हती. खूप वेळ बघत राहिलं की एकदा कधीतरी पदर किंचित वर यायचा आणि खाली जायचा. त्याच वेळी मागं परसात नळीचा आवाज मध्येच थांबायचा. पदर खाली गेला की शिट्टी पुन्हा सुरू. दोघींनी मिळून एकच काम वाटून घ्यावं तसं. त्यात मोठा वाटा नळीचा.

मी दिवा आणला. मनाला बजावलं, वायू खोलीत शिरला असेल, जमिनीतून कुठं चीर गेली असेल, म्हणून हिला गुंगी येते. तसं असतं तर ते घाबरण्यासारखं, पण समजण्यासारखं होतं. मी दिवा जमिनीवर ठेवला. ज्योत ताठ. चारही कोपऱ्यांत धरला, तिच्या पायाशी धरला, पोटाशी धरला. ताठ. तोंडाजवळ नेला आणि जाळीच्या आत ज्योत विझली. परत पेटवला, परत नेला. परत विझली.

"काय बघूलालासा?"

तिचे डोळे उघडे होते. किती वेळ उघडे होते कुणास ठाऊक.

"यमुना, तुला काय होतंय ते सांग मला."

ती उठून बसली. बराच वेळ परसाच्या दिशेनं कान देऊन होती.

"दमा बरा झालेला न्हाई वो," ती म्हणाली. "दमा हायच. माझ्याबदली कुणीतरी धरलाय. पहिल्यांदा झोपेत कळलं मला. छाती भरून आलती, श्वास मिळंना, आणि आतनं कुणीतरी म्हटल्यागत झालं, दे हिकडं, मी घेतो. मी दिला."

"कुणाला दिलास?"

"बघितलं न्हाई मी," यमुना म्हणाली. "इतकं बरं वाटलं की बघावंसंच वाटलं न्हाई."

६

प्रयोग संपला. देसाई साहेब जीप घेऊन आले आणि म्हणाले, आता टँकर येणार नाहीत, आहे ते आत कायमचं ठेवायचं. पंप उचलून न्यायचा. नळी सिमेंटनं भरायची.

"नळी तेवढी ऱ्हाऊ द्या, साहेब," मी म्हणालो.

"वेडा आहेस का? आज ना उद्या गंजेल, फुटेल. एकदा का वायू सुटला आणि खाली लाडूच्या वस्तीत जाऊन बसला, तर सकाळी उठायला तिथं कुणी शिल्लक राहणार नाही."

साहेबांचं बरोबर होतं. त्यांना मी काय सांगणार होतो? बायकोचा श्वास नळीतून येतो म्हणून? मी ठरवलं, सिमेंट पडायच्या आत यमुनाला इथून न्यायचं. इथली हवा मागं सोडली की सगळं जागेवर येईल. दमा येईल. येऊ दे. वळकटी, गोळ्या, शिट्टी, सगळं मला परत पाहिजे होतं.

खानापूरला जाऊन येऊ म्हणून सांगितलं. ती हिरवी साडी नेसली. नंदिगड्ड्यातून सकाळची बस पकडली. ती खिडकीशी बसली. जोयडा मागं पडेपर्यंत ती रस्त्यावरची माणसं बघत होती, काहीबाही बोलत होती. मग बोलणं तुटक झालं. मग मी विचारेन तेवढंच. मग ओठ नुसते हलायला लागले, त्यातून शब्द बाहेर यायला लागतो तेवढा वाराच तिच्यात नव्हता. तिची तगमग होत नव्हती, त्याचंच मला जास्त भय वाटलं. ती शांत होती. नखं आधी जांभळी झाली, मग ओठ. मी नाकाशी हात धरला. काही लागलं नाही.

गणेशगुडीला काळी नदीच्या पुलाच्या अलीकडं मी बस थांबवली आणि तिला उचलून खाली उतरवलं. लोक जमले. कुणी म्हणालं दवाखान्यात न्या, कुणी पाणी आणलं. एक जीप मागं जोयड्याकडं निघाली होती, तिच्यात तिला आडवी टाकली. ड्रायव्हर विचारत होता, अहो, दवाखाना हिकडं हाय, तुम्ही जंगलात कुठं नेताय? मी म्हणत राहिलो, चल बाबा, चल तू.

नंदिगड्डे ओलांडलं तसा तिचा हात गरम व्हायला लागला. खाणीचा चढ लागला तेव्हा तिनं डोळे उघडले.

"तिकडं श्वास घ्यायला येईना वो," ती म्हणाली. "कसा घ्यायचा तेच आठवंना."

७

सिमेंटची पोती आली, दोन गवंडी आले. मी साहेबांचे पाय धरले. काय सांगितलं ते आता धड आठवत नाही, पण सगळं सांगितलं असावं. साहेबांनी माझं ऐकून घेतलं. यमुनाकडं एकदा बघितलं. तिनं त्यांच्यापुढं चहा ठेवला होता, तो त्यांनी घेतला नाही.

"एक आठवडा थांबवतो," ते हलक्या आवाजात म्हणाले. "त्यापुढं माझ्या हातात नाही. बायकोला बेळगावला दाखव."

"थांबवू नगा," यमुना म्हणाली.

साहेब जायला उठले होते, ते तिच्याकडं वळले.

"खाली सुंदरी हाय, तिची पोरं हाईत. दिवसभर त्या खळग्यात खेळत असतात. नळी भरा."

"यमुना, अगं तुझं काय—"

"माझं मला ठावं हाय." मग माझ्याकडं वळून, साहेब उभे असतानाही, तिनं माझा हात धरला. "लई चांगले दिवस गेले वो हितले. आडवी झोपलो मी. चढ चढलो. तुमी साडी घेतलासा."

गवंड्यांनी माल कालवला. नळी खांबावरून सोडवून बुडाशी कापली आणि तोंडाला नरसाळं लावलं. माल ओतायच्या आधी यमुना तिथं गेली, गुडघ्यावर बसली आणि त्या थंड लोखंडाला गाल लावून काहीतरी बोलली. आतून उत्तर आल्यासारखी ती मध्ये थांबत होती. मग येऊन सोप्यात बसली. एका बाजूला मी, एका बाजूला सुंदरी. लाडू अंगणात उभा होता.

माल पडायला लागला तशी नळी घरघरली. शिट्टी चढत गेली, गचके जवळजवळ यायला लागले. यमुनाला जोराचा दम लागला की व्हायचे तसे. माझ्या मुठीतला तिचा हात घट्ट झाला. ती माझ्याकडं बघत होती आणि तिला काहीतरी सांगायचं होतं. ओठ विलग झाले.

मग नळीचा आवाज थांबला, आणि तिचा हात सैल पडला.

सुंदरीनं हंबरडा फोडला. मी यमुनाला मांडीवर घेतलं. छाती हलत नव्हती. साहेबांनी मनगट धरलं, सोडलं, टोपी काढली.

आणि मग तिची छाती वर आली. येतच राहिली. एवढा मोठा श्वास मी कुणाला घेताना बघितलेला नाही. जणू पहिलाच होता. तिनं डोळे उघडले. सोप्याचा खांब बघितला, अंगणातली कोंबडी बघितली, सुंदरीला बघितलं, सगळ्यात शेवटी मला. परगावचा माणूस नव्या घरात शिरल्यावर बघतो, तसं.

"चला," ती म्हणाली. "घरी जाऊया."

लाडू मागं मागं सरकत अंगणाच्या कडेपर्यंत गेला होता.

८

आम्ही खानापूरला परत आलो. कौलांच्या कारखान्यात मला पुन्हा घेतलं. यमुना भट्टीच्या धुरातून चालत मला डबा आणून देते. दमा नाही. एका फुंकरीत चूल पेटवते. शेजारपाजारच्या बायका म्हणतात, जोयड्याचं पाणी मानवलं. तिला सगळं आठवतं, आमचं लग्न, तिच्या आईचं नाव, हिरवी साडी कुठल्या दुकानातली ते. चूक अशी एकही सापडत नाही. मी शोधली नाही असं नाही.

एका दुपारी ती म्हणाली, पाठ दुखते, जरा तेल लावा. माझ्याकडं पाठ करून बसली. मी तेल चोळत होतो. तिची पाठ गार होती, उन्हाळा असून. काय मनात आलं कुणास ठाऊक, मी वाकून पाठीला कान लावला.

ठोक्याचा आवाज ऐकू येईल असं वाटलं होतं. आत पाणी ठिबकत होतं. एक थेंब पडायचा आणि त्याचा आवाज लांब जाऊन परत यायचा, उंच, रिकाम्या, दगडी जागेत येतो तसा. मी श्वास रोखून ऐकत राहिलो. त्या सगळ्याच्या पलीकडं, फार लांब, बुजवलेल्या भिंतीच्या मागून यावी तशी शिट्टी आली. बारीक. मग गचका. मग तो खरवडल्यासारखा उच्छ्वास. आणि मग हाक.

"अवं..."

माझ्या समोर बसलेली बाई हलली नाही, वळली नाही.

"ऐकलंसा?" ती म्हणाली. "रोज मारती हाक. तिला वाटतंय तुमी येशीला."

दुसऱ्या दिवशी मी पहार घेऊन नंदिगड्ड्याची बस धरली. खाण तशीच होती. कापलेल्या नळीच्या तोंडावर सिमेंटचा गट्टू, त्याच्यावर शेवाळ. मी तोंड लावून तिचं नाव घेतलं, कान लावला. काही नाही. पहार उचलली. तिथून खालची वस्ती दिसत होती. सुंदरी ओढ्यावर धुणं आपटत होती. तिची पोरं खळग्यात काजूच्या बिया मांडून खेळत होती. चुलीचा धूर कौलांतून निघून सरळ वर चालला होता.

उचललेली पहार मी खाली घेतली. मग पहार खांद्यावर टाकली आणि परत आलो.

तेव्हापासून दुपारी, दार लोटून घेतलं की, ती स्वतःच माझ्याकडं पाठ करून बसते. मी कान लावतो. मी काय बोलतो ते आत पोचतं की नाही मला माहीत नाही, पण मी बोलतो. पाऊस झाला का, कुणाचं लग्न ठरलं, असलं काहीतरी. पलीकडून ती खोकते, हाक मारते. मला शंका येते की हे सगळं माझ्याच डोक्यात आहे. येऊ दे शंका. कान मी लावतोच.

परवा पहिल्यांदाच आतून काही आलं नाही. शिट्टी नाही, हाक नाही. पाणी तेवढं ठिबकत होतं. मी थांबलो, जागा बदलून पुन्हा कान लावला, दोन-तीनदा नाव घेतलं.

"झोपली असंल," ती म्हणाली, आणि पदर सावरून चहा ठेवायला उठली.